देविदासचा तिसरा दिवस

कामावर रुजू झाली त्या पहिल्याच दिवशी मुबश्शिरा खोटं बोलली. गावोगाव पाहणीला निघण्याआधी सगळ्या मुलींनी एकमेकींना प्रश्न विचारून सराव करायचा होता. "तुमच्या जवळच्या माणसांत असं कुणी आहे का, ज्याच्या दारूचा तुम्हाला त्रास होतो?" समोरच्या मुलीनं वाचलं. मुबश्शिरा म्हणाली, नाही. मुलीनं 'नाही'वर खूण केली आणि पुढची दोन पानं तशीच उलटली. फॉर्मच तसा होता. एकदा नाही म्हटलं की पुढं विचारायला काही उरत नसे.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या जूनमधली. पाच देशांतल्या लोकांनी मिळून ती पाहणी काढली होती. दारू पिणाऱ्याचं काय होतं हे पुष्कळांनी लिहून ठेवलं होतं. न पिणाऱ्या बायकोचं, पोरांचं, शेजाऱ्याचं, भावाबहिणीचं काय होतं, हे या वेळी विचारायचं होतं. तेच प्रश्न श्रीलंकेत, थायलंडमध्ये आणि आणखी दोन देशांत त्याच महिन्यांत विचारले जात होते, आणि आपल्याकडे लातूर-नांदेडच्या खेड्यांत. कोलंबोतल्या एका संस्थेकडे सगळ्यांचे कागद जमा व्हायचे. लातूरचं ऑफिस म्हणजे एका क्लासच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली केमिस्ट्रीची बॅच सुटली की जिना पोरांनी भरून जायचा. जिन्याच्या भिंतीवर मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो ओळीनं लावलेले होते. त्यांच्याखालून जाताना मुबश्शिरा मान वर करत नसे.

तिचा भाऊ फरहान सात वर्षांपूर्वी याच गल्लीत शिकायला आला होता. देगलूरला अब्बांचं, म्हणजे मुज्तबाभाईंचं, सायकलचं दुकान. फरहान एकुलता मुलगा, दहावीला शाळेत पहिला. मेडिकलची परीक्षा तो दोनदा नापास झाला. तिसऱ्या वर्षी तो क्लासला जातच नाही हे खोलीमालकाच्या फोनवरून कळलं. अब्बा त्याला घ्यायला आले तेव्हा त्याचे हात कापत होते आणि चहाची बशी त्याला धरता येत नव्हती.

पाच वक्त नमाज पढणाऱ्या माणसाच्या घरात ही गोष्ट बोलायची कशी? अब्बांनी मोहल्ल्यात सांगून टाकलं की फरहान जेद्दाला गेला. फरहान होता धर्माबादला, मिरचीच्या अडतीवर पोती शिवायच्या कामाला, आणि काम सुटलं की सीमेपलीकडं आंध्रात जाऊन शिंदी पीत होता. त्या शिंदीत कसलीशी पावडर घालतात असं लोक म्हणायचे. अम्मी दर ईदला शेजारीपाजारी खजूर वाटायची आणि म्हणायची, फरहाननं पाठवलेत. ते खजूर नांदेडच्या बाजारातून आणलेले असत. घरात फरहानचं नाव निघे ते फक्त जेद्दासोबत. जिवंत माणूस असा घरातून हळूहळू पुसत चाललेला मुबश्शिरा बघत होती, आणि तीही त्यात सामील होती.

जुलैच्या सुरुवातीला तिच्या वाट्याला तळेगव्हाण आलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. जुनं गाव तेरणेच्या काठाला होतं. तिथं आता बाभळी आणि दगडांचे ढीग. नवं गाव तीन किलोमीटरवर उघड्या माळावर होतं. रुंद रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येक घराला नंबर. घरांच्या मागं कुठंकुठं पत्र्याची शेडं अजून उभी होती. भूकंपानंतर दोन-तीन वर्षं लोक त्या शेडांतच राहिले होते. आता त्यांत कडबा, नाहीतर शेळ्या.

लोकांनीच तिला मनकर्णाबाईचं घर दाखवलं. बाई पन्नाशीची होती, उजवा पाय ओढत चालायची. तीन वर्षांपूर्वी तिनं गावातल्या बायका गोळा केल्या, दारूच्या दुकानावर मतदान घ्यायला लावलं आणि आडवी बाटली निवडून आणून दुकान बंद पाडलं, असं तिचं नाव होतं.

मुबश्शिरानं ओट्यावर बसून फॉर्म काढला. गेल्या बारा महिन्यांत कुणाच्या दारूचा त्रास झाला का? मनकर्णाबाई म्हणाली, न्हाई. नवरा, देविदास, पीत होता. पण त्याला जाऊन तीन वर्षं झाली. बारा महिन्यांत काही नाही. म्हणजे फॉर्म संपला. मुबश्शिरा पाणी पिऊन उठायला लागली, तेवढ्यात बाई म्हणाली,

"तुमी त्याच्या पिण्याचा आमाला काय तरास झाला त्ये विचारता. त्याला कशाचा तरास व्हता, त्ये न्हाई का विचारायचं?"

असा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. मुबश्शिरा परत खाली बसली.

मनकर्णाबाईनं सगळं सरळ सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भुई हलली. देविदास रानात राखणीला होता. तो पळत आला तेव्हा घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता. त्या ढिगाखाली दोघी जिवंत होत्या. एका अंगाला मनकर्णाबाई, दुसऱ्या अंगाला सात वर्षांची लेक, अयोध्या. दोघींचाही आवाज येत होता. देविदासला दोन हात. त्यानं आधी बायकोच्या बाजूनं उकरायला घेतलं, कारण तिचा हात दिसत होता. तिला ओढून काढेपर्यंत ऊन वर आलं. पोरगी तोवर 'बापू, बापू' म्हणत होती. मग तो त्या बाजूला गेला आणि उकरत राहिला. आवाज बंद झाला. तो थांबला नाही. दुपारी शिपाई आले आणि त्यांनी त्याला धरून बाजूला केलं.

"तवापासून पेत व्हता," मनकर्णाबाई म्हणाली. "मी लई भांडले. पन खरं सांगू का, मला त्याच्याकडं बघायची लाज वाटायची. मी वाचले म्हनून त्यो पेत व्हता."

तेरा वर्षं तो प्यायला. मग दुकान बंद झालं, आणि बायकांनी ठरवलं की आता ज्यांच्या घरात पिणारे आहेत त्यांनी आपापल्या माणसाला सोडवायचं. मनकर्णाबाईनं सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. दिरानं आणि शेजारच्या भीमाशंकरनं धरून देविदासला मागच्या पत्र्याच्या शेडात नेलं, बाजेला बांधलं. तीन दिवस कोंडला की उतरतं, असं सगळेच म्हणत होते.

एवढं बोलून तिनं मुबश्शिराला मागं नेलं. शेडाला कुलूप होतं. आत काहीच ठेवलेलं नव्हतं, ना कडबा, ना शेळी. एका कोपऱ्यात मातीची जमीन हातभर खोल उकरलेली होती आणि ती कुणी भरून घेतली नव्हती.

पहिल्या दिवशी देविदासला घाम सुटला, अंग थडथड उडत होतं. दुसऱ्या दिवशी तो अयोध्येशी बोलायला लागला. तिला हाका मारायचा, 'आलो, आलो' म्हणायचा. दोर ढिला करून घेतला आणि कोपऱ्यात हातानं जमीन उकरायला लागला. नखं निघाली तरी उकरत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला झटके आले आणि तो गेला. गावानं म्हटलं, पोरीनं बापाला नेलं. मनकर्णाबाईलाही तसंच वाटलं. आणि तिला बरं वाटलं.

"अखेरीला गावली त्याला," ती म्हणाली. "दुपारी मी हितं येऊन बसते. उकरल्याचा आवाज येतो. मला भ्याव न्हाई वाटत."

मुबश्शिराला मात्र भीती वाटली. भर दुपार होती, पत्रे तापून तडतडत होते, आणि त्या तडतडण्यात तिलाही काहीतरी खरवडल्यासारखं ऐकू येऊ लागलं. तिनं फॉर्मच्या कोऱ्या मागच्या बाजूला सगळं लिहून घेतलं. ऑफिसात गेल्यावर तिनं ते इंग्रजीत करून, कामाचं नाही हे ठाऊक असूनही, बाकीच्या कागदांबरोबर कोलंबोला पाठवलं.

आठ दिवसांनी कोलंबोहून फोन आला. डॉक्टर निलूका नावाच्या बाई होत्या, पाहणीच्या प्रमुखांपैकी एक. त्यांनी विचारलं, शेडातल्या माणसाला कोंडण्याआधी त्यानं शेवटची दारू कधी घेतली होती, हे त्या बाईला विचारता येईल का? मग म्हणाल्या, नको, मीच येते.

जुलैच्या अखेरीस त्या आल्या. साठीच्या जवळपास, बारीक अंगाच्या, सुती साडी नेसलेल्या. मनकर्णाबाईनं त्यांना चहा दिला आणि मुबश्शिराला विचारलं की ह्या बाई रावणाच्या गावच्या का. मुबश्शिरानं भीत भीत ते भाषांतर केलं, आणि निलूकाबाई हसून म्हणाल्या, होय, तिथल्याच. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. मुबश्शिरा मध्ये बसून इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत होती. भाषांतर करताना 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही, ज्याचं बोलणं त्याच्याच तोंडानं मांडायचं, असं तिला शिकवलेलं होतं. म्हणून तिला म्हणावं लागलं: मी त्याला बांधलं. मी दोर आणला. मी म्हटलं की तीन दिवसांत उतरेल.

शेवटचा पेला कोंडायच्या आदल्या संध्याकाळचा होता. झटके किती वेळ चालले, तापही होता का, त्याला आपण कुठं आहोत हे कळत होतं का? निलूकाबाईंनी काही लिहून घेतलं नाही. शेवटी त्यांनी मनकर्णाबाईचा हात थोडा वेळ हातात धरला.

परतताना जीपमध्ये त्यांनी मुबश्शिराला सांगितलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर काहींचं शरीर ते सोसत नाही. आधी कापरं, मग भास, मग झटके, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरणसुद्धा. दवाखान्यात ठेवून औषधं देत सोडवली तर बहुतेक माणसं वाचतात. त्सुनामीनंतर त्यांच्या किनाऱ्यावरच्या गावांतही पुरुष असेच प्यायला लागले होते. एका गावानं दोघांना देवळाच्या धर्मशाळेत कोंडलं, चांगल्या मनानंच. दोघंही गेले. त्यातला एक निलूकाबाईंचा मामा होता. आणि डॉक्टर असून त्यांनीच फोनवर 'ठेवा कोंडून' असं सांगितलं होतं.

"आपल्या पाहणीत दारूनं झालेली इजा मोजायला जागा आहे," त्या म्हणाल्या. "दारू सोडवताना झालेल्या मरणाला जागा नाही. ती मी करायला लावणार आहे."

सिंहली आणि तमिळमध्ये त्यांनी एक साधं पत्रक केलं होतं. दारू एकदम तोडू नका, कोंडू नका, ही लक्षणं दिसली तर दवाखान्यात न्या. ते मराठीत करायचं काम त्यांनी मुबश्शिरावर सोपवलं. मुबश्शिरानं विचारलं, मनकर्णाबाईला हे सांगायचं का?  निलूकाबाई म्हणाल्या, ती विचारील तेव्हा. पण विचारलंच तर खोटं बोलू नकोस.

मुबश्शिरानं पत्रकाचं मराठी केलं. ते खेड्यातल्या बायकांना वाचून दाखवून समजतं का ते बघायचं होतं. ती औशाच्या बाजूला गेली, निलंग्याच्या बाजूला गेली. तळेगव्हाणचा फाटा आला की मात्र बसमधून उतरली नाही. देविदासला त्याची पोरगी भेटली, हे त्या बाईकडं होतं. ते काढून घ्यायचं आणि त्या जागी काय ठेवायचं? तूच मारलंस, हे?

ऑगस्टच्या मध्यावर अम्मीचा फोन आला. आवाजात कितीतरी वर्षांनी हुरूप होता. अब्बांनी फरहानला धर्माबादहून आणलं होतं. रमजान आठवड्यावर आला होता. अब्बांनी त्याला माडीवरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली होती. ईदपर्यंत तिथंच राहील, पाक होऊन बाहेर येईल. अम्मी म्हणाली, कालपासून एक थेंब नाही त्याच्या पोटात, तू दुआ कर.

मुबश्शिरानं विचारलं, घाम येतोय का त्याला? अम्मी म्हणाली, पाण्यासारखा. जहर निघून राहिलंय.

ती तशीच स्टँडवर गेली. उदगीरमार्गे देगलूरला साडेतीन तास लागतात. पूर्ण वाटभर ती अब्बांना फोन लावत होती आणि अब्बा उचलत नव्हते. उदगीरला बस वीस मिनिटं थांबली. शेजारी बसलेली एक म्हातारी कानडीत काहीतरी विचारत होती. मुबश्शिराला ते कळत होतं, पण उत्तर देता आलं नाही, कारण तिच्या कानात माती उकरल्याचा आवाज येत होता. बसचं इंजिन बंद होतं तरी येत होता.

घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. अब्बा दुकानात न जाता माडीच्या जिन्यावर बसले होते. हातात तसबीहची माळ होती. वरून फरहानचा आवाज येत होता. तो कुणालातरी पेपर वेळेत लिहून झाल्याचं सांगत होता, सर, झालाय सर, फक्त शेवटचा प्रश्न राहिलाय. अब्बा म्हणाले, त्याच्यावर सावली आहे, उद्या झाडफूक करणाऱ्या एकाला बोलावलंय.

मुबश्शिरा त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. तिनं सावलीबद्दल वाद घातला नाही. तिनं तळेगव्हाणच्या शेडाची हकिकत सांगितली. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. बाईचं नाव सांगितलं नाही, पोरीचंही नाही. त्या माणसाला बांधणाऱ्यांत एकही त्याचा वैरी नव्हता, हे मात्र दोनदा सांगितलं. अब्बा ऐकत होते. तसबीहचे मणी थांबले.

त्यांनी विचारलं, दवाखाना म्हणजे कुठला? ती म्हणाली, नांदेड. अब्बा म्हणाले, नांदेडला देगलूरचं निम्मं गाव जातं. लोकांना आपण काय सांगितलंय, तुला ठाऊक आहे.

"ठाऊक आहे अब्बा. मी पण तेच सांगत आले," ती म्हणाली. "आज दुसरा दिवस आहे."

अब्बा उठले आणि त्यांनी कडी काढली.

गाडीत फरहानचं डोकं अम्मीच्या मांडीवर होतं. नरसीच्या पुढं त्याला एक झटका आला. अम्मी कलमा पढायला लागली, ड्रायव्हरनं गाडी पळवली. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला लगेच आत घेतलं, आणि तासाभरानं बाहेर येऊन एवढंच म्हणाले की आज रात्री इथं नसता तर सांगता आलं नसतं. बाकावर देगलूरचेच एक गृहस्थ आपल्या सुनेला घेऊन बसले होते, शरणप्पा नावाचे, भुसाराचे व्यापारी. त्यांनी विचारपूस केली. फरहान जेद्दाहून कधी आला म्हणाले.

मुबश्शिराला वाटलं, अब्बा आता काहीतरी जुळवतील. अब्बांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जेद्दा गयाच नइं था," ते म्हणाले. "यहींच था. हमारेच पास था."

 शरणप्पांनी आपल्या थर्मासमधला चहा अब्बांना ओतून दिला.

फरहान वाचला. अठरा दिवस दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा हडकुळा झाला होता, पण बशी हातात धरू शकत होता. ईदच्या दिवशी अम्मीनं खजूर वाटले आणि कुणाच्या नावानं वाटले ते सांगितलं नाही. बायका विचारायच्या थांबल्या नाहीत, आणि दोन घरांनी येणं बंद केलं. नंतर नोव्हेंबरात तो पुन्हा एकदा धर्माबादला गेला आणि प्यायला. अब्बा स्वतः जाऊन त्याला थेट नांदेडला घेऊन गेले. या वेळी कुणाला काही सांगायचं उरलं नव्हतं.

पण ते पुढचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, भूकंपाचा दिवस होऊन गेल्यावर, मुबश्शिरा तळेगव्हाणला उतरली. विचारलं तर सांगायचं, असं निलूकाबाई म्हणाल्या होत्या. मुबश्शिराला आता विचारण्याची वाट बघता येईना. त्या बाईनं तिच्या भावाला वाचवलं होतं आणि तिला ते माहीतही नव्हतं.

तिनं ओट्यावर बसून आधी फरहानचं सांगितलं. सुरुवातीपासून, खजुरासकट. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे कुणाला सांगत होती. मनकर्णाबाई मध्येमध्ये हूं म्हणत होती. झटक्याचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. मग ती म्हणाली, "मावशी, तुम्ही मला शेड दाखवलं नसतं तर माझा भाऊ तिसऱ्या दिवशी गेला असता."

मनकर्णाबाई हुशार बाई होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलेलं मुबश्शिराला दिसलं.

"तुजा भाऊ कुनाशी बोलत व्हता?" तिनं विचारलं.

"परीक्षेच्या सरांशी."

"आन त्ये सर तिथं न्हवते."

"नव्हते."

 रस्त्यावरून शाळेच्या पोरी गेल्या. मग मनकर्णाबाई म्हणाली, "म्हंजे अयोध्या आली न्हवती."

"मला ठाऊक नाही, मावशी. आजार होता एवढं मला ठाऊक आहे. ती आली होती की नव्हती, हे मला खरंच ठाऊक नाही."

"त्यो उकरत व्हता तवा मी दारात उभी व्हते," मनकर्णाबाई म्हणाली. "म्या म्हनलं, उकर. ह्या बारीला गावल तुला. त्याच्या बोटातनं रगत येत व्हतं आन मी उकर म्हनले." ती थांबली. "दवाखाना हितून आर्ध्या तासावर हाय."

मुबश्शिराला जे काही सुचलं ते सगळं खोटं वाटलं. मनकर्णाबाईनं तिला हात जोडून जायला सांगितलं. रागानं नाही. पण दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. बसची वाट बघत मुबश्शिरा फाट्यावर तासभर उभी होती. आपण बरं केलं की वाईट, हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतरही पुरतं कधी कळलं नाही. कोलंबोला तिनं झालेलं सगळं कळवलं. निलूकाबाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. मामा कशानं गेला हे आपल्यालाही कुणी सांगितलं तेव्हा आपण महिनाभर अंथरुणातून उठलो नव्हतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मनकर्णाबाई लातूरच्या ऑफिसचा जिना चढून आली. पाय ओढत, पोरांच्या गर्दीतून वाट काढत. खूप वाळली होती. बसल्यावर तिनं पदरातून पत्रक काढलं. मुबश्शिरा ते त्या दिवशी ओट्यावर विसरून आली होती. शाळेतल्या पोरींकडून तिनं ते वाचून घेतलं होतं, रोज एकदा, आता पाठ होतं. तिचं एकच म्हणणं होतं. पत्रकात लिहिलं होतं, रुग्णाला बांधून ठेवू नका.

"रुग्न म्हनलं की कुनालाबी आपल्या घरातला वाटत न्हाई," ती म्हणाली. "आमी काय रुग्नाला बांधलं व्हतं का? 'आपल्या मानसाला' लिहा. आपल्या मानसाला बांधू नका."

मुबश्शिरानं ते तिच्यासमोरच दुरुस्त केलं आणि कारण लिहून कोलंबोला पाठवलं. डिसेंबरात पाचही देशांची बैठक झाली. तिथं निलूकाबाईंनी नवा रकाना मागून घेतला, आणि तळेगव्हाणच्या एका बाईची सूचना म्हणून तो शब्दही वाचून दाखवला. सिंहली आणि तमिळ पत्रकांत तो बदलला गेला. थाई बाईंनी सांगितलं की त्यांच्याकडं त्याहून जवळचा एक शब्द आहे, त्या तो घालतील. मनकर्णाबाईला हे सांगितलं तेव्हा तिनं थायलंड कुठं आहे तेवढं विचारलं.

शेडाचं मुबश्शिरानं तिला कधी विचारलं नसतं. तिनं आपणहून सांगितलं. आवाज अजून येतो. पूर्वी ती दुपारी बसून ऐकायची, आता त्याला थांब म्हणते. हात दुखतील म्हणते. तो ऐकत नाही.

जानेवारीत एका सकाळी भोकरच्या बाजूच्या एका गावातून ऑफिसात फोन आला. पत्रकावर नंबर होता. एक बाई दबक्या आवाजात बोलत होती, शांतम्मा नाव सांगितलं. तिच्या नवऱ्याला दिरांनी कालपासून जनावरांच्या कोठ्यात कोंडून ठेवलंय, तो भिंतीशी बोलायला लागलाय, आणि घरात तिचं कुणी ऐकत नाही. मुबश्शिरानं आधी तिथल्या आरोग्य केंद्राला कळवलं, ॲम्ब्युलन्स निघाली का ते विचारून घेतलं. मग मनकर्णाबाईला फोन केला, कारण दिरांशी बोलायला एक वडीलधारं माणूस लागणार होतं.

मनकर्णाबाईनं फक्त गावाचं नाव विचारलं. लातूरच्या स्टँडवर त्या दोघी नांदेडच्या गाडीत बसल्या तेव्हा दहा वाजत आले होते. अहमदपूरच्या पुढं शांतम्माचा पुन्हा फोन आला. ॲम्ब्युलन्स दारात आहे, पण दीर कोठ्याची किल्ली देत नाहीत.

मनकर्णाबाईनं फोन हातात घेतला. "दीर थोरला हाय का तिथं? दे त्याला," ती म्हणाली. आणि कुणीतरी पलीकडं 'हां, बोला' म्हणाल्यावर, भरल्या गाडीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सुरुवात केली, "दादा, मी तळेगव्हाणची मनकर्णा. म्या माजा नवरा बांधून मारला. माजं ऐकून घ्या आन मंग किल्ली ठिवा न्हाईतर द्या."

गाडी चालली होती. लोक वळून बघत होते. पलीकडचा माणूस ऐकत होता, कारण फोन बंद झाला नव्हता, आणि मनकर्णाबाई पहिल्या दिवसापासून सांगत होती.